डाव्या हाताला

नाही, तो पोदेराचा भोंपू. पाव घेऊन फिरतो ना संध्याकाळचा, तो. आमच्या सायकलीची घंटी वेगळी. बसा हो गोकुळदासबाब, उठू नका — हे येतीलच आता, उजेड आहे तोवर येतो असं सांगून गेलेत. चांदेलला, देवळात नारळ ठेवायला. तुमच्याच बससाठी. नवी गाडी, गणेशचवथीची सुट्टी संपून सोमवारी शाळेची मुलं बसायची, देवाच्या कानावर घातल्याशिवाय स्टिअरिंगला हात कसा लावू म्हणाले. मी म्हटलं माझा घोटा बरा होऊ दे, दोघं जाऊ. ऐकतील तर शपथ. बघा की, अजून टम्म आहे — विहिरीवर घसरले परवा. तुम्ही तिथंच बसा, त्या सोप्याच्या कडेला, तिथं वारा येतो. चहाचा कोप घ्या, काठाला धरा, गरम आहे. नेवरी पण घ्या, चवथीच्या करंज्या उरल्यात. मोटरसायकल वर रस्त्यालाच ठेवलीत ना? बरं केलंत, खाली वाट नाही धड. आणि ती चावी — असू द्या, ठेवा तिथंच, मी आपली उगीच बघत राहिले. नव्या बसची चावी आपल्या सोप्यावर, नजर जाणारच.

एक विचारू? म्हणजे विचारायचं नाही, मागायचंच आहे. ह्यांना ड्रायव्हर म्हणून घेतलंत, आमच्यावर उपकारच केलेत, खाणीवरचा ट्रक सोडल्यापासून घरात बसलेला पुरुष कसा होतो ते मी बघतेय. पण मलाही घ्या बसवर. नाही, ऐका तर — मुलांना चढवायला-उतरवायला बाई हवी की नको कोणी? इब्रामपूरपासून पेडण्यापर्यंत वळणं किती, पोरं किती, कुणी दारात लोंबेल, कुणी खिडकीतून हात बाहेर काढेल. मी ह्यांच्या बाजूला बसेन, डाव्या अंगाला, अगदी काचेजवळ. पगार नको मला. खरंच नको. हसताय काय? नवराबायको एका गाडीवर म्हणून? अहो, आम्ही दोघं एका गाडीवर असतो हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, तुम्हीही बघितलंय, पेडण्याच्या बाजारात तुम्हीच तर विचारलं होतं की ही जोडसायकल आणली कुठून.

कुठून आणणार — मिळाली. हरमलला आमच्या वन्संकडे परदेशातले गोरे नवराबायको खोली घेऊन राहिले होते, त्यांची ती. त्यांचं काही जमायचं नाही त्या सायकलीवर. ती मागून ओरडायची, तो पुढून ओरडायचा, आणि संध्याकाळी दोघं वेगवेगळे चालत परत यायचे. जाताना वन्संच्या अंगणात टाकून गेले. वन्संना तिचा काय उपयोग, त्यांनी मासळीच्या टोपल्या अडकवून बघितल्या, मग आम्हाला म्हणाल्या न्या. ह्यांना खूप आवडली. मला भीती वाटली. मला तेव्हाही भीतीच वाटली होती बघा, पण तेव्हाची भीती नुसती पडण्याची.

कारण ती चालते कशी माहीत आहे? हँडलं दोन, पण मागचं नुसतं धरायला, वळतच नाही ते. ब्रेक पुढच्याकडे, घंटी पुढच्याकडे, रस्ता पुढच्याकडे. मागच्याला काय — मागच्याला पुढच्याची पाठ. ह्यांच्या सदऱ्याची शिवण न् शिवण ओळखते मी आता. आणि पायडलं चार, पण चेनीने एकमेकांना बांधलेली — ह्यांनी पाय थांबवला की माझा थांबतो, मी जोर लावला की ह्यांचा पाय आपोआप खाली जातो, वेगळं असं काही करताच येत नाही. निघताना आधी हे दोन्ही पाय जमिनीवर रोवून सायकल धरणार, मग मी चढणार, मग हे ‘बसलीस गो?’ विचारणार, मी ‘बसले’ म्हटलं की दोघांचा उजवा पाय एकदम. वळणावर ते झुकतील तसं झुकायचं, आपली अक्कल चालवायची नाही. सुरुवातीला मी चालवायचे. ते डावीकडे कलले की मी घाबरून उजवीकडे अंग काढायचे — आणि दोघं शेतात, चिखलात बसून हसतोय. मग शिकले. मागच्याचं काम काय, तर विश्वास ठेवायचा आणि पाय चालवायचे. आणि बोलायचं.

हां, बोलायचं. तुम्ही ऐकलं असेलच, गावात म्हणतात विनोदिनी त्या सायकलीवर बसली की तिचं तोंड सुटतं. ‘गो चंद्रावती, डाव्या हाताला कडेकडेने खंय चाललीस?’ ‘बाबाजी, तुमची म्हैस उजवीकडून आली हो परत रस्त्यात.’ ‘बाई बाई, हा पुढचा खड्डा केवढा झालाय.’ चंद्रावती म्हणते, हिला माणूस दिसला की हाक मारल्याशिवाय राहवत नाही, आणि वर कुठल्या हाताला उभं आहे तेही त्यालाच सांगते, जसं काही त्याला स्वतःला माहीत नाही. हसतात. हसू देत. सवय लागली मला. मागून रस्ता दिसत नाही धड, ह्यांच्या बगलेतून बघावं लागतं, मान बाहेर काढली तर सायकल डुलते, म्हणून नुसते डोळे वळवायचे. आणि पायाला कळतं. ह्यांचा पाय कधी कधी अडतो — एवढासाच, बाहेरून बघणाऱ्याला दिसणार नाही, पण चेनीतून माझ्या तळव्याला येतं ते. पाय अडला की मी बोलते. मी बोलले की पाय सुटतो. असं आमचं चालतं.

पाय का अडतो? असाच. ड्रायव्हर माणूस, जपून चालवतो. घ्या ना नेवरी, एवढीशी तर आहे.

किती वाजले असतील? आत्ता तर झाडांवर ऊन होतं. चांदेल काही लांब नाही, उतार आहे एक, आणि ते वळण, जिथं ओढ्याला कठडा नाही. एकटे गेलेत ना. मागची सीट रिकामी असली की मागची पायडलं आपली आपण फिरत राहतात, बघितलीत कधी? मला ते बघवत नाही. दुपारी मी ह्याच पायरीवर बसले होते, हे निघाले, आणि ती माझी पायडलं नुसतीच वर-खाली, वर-खाली, फाटकापर्यंत. चालत जा म्हटलं होतं मी. चालत का जाऊ, म्हणाले, मला काय झालंय? मग मी नारळ पिशवीत घालून दिला. काय झालंय हे कसं म्हणणार.

नाही नाही, काही झालेलं नाही. बोलायची पद्धत ती. ठणठणीत आहेत. खाणीवर इतकी वर्षं ट्रक चालवला डिचोलीला, कुणाला ओरखडा नाही, तुम्हाला सगळ्यांनी सांगितलंच असेल. आम्हा दोघांचं कसं जमतं तेच सांगत होते मी, म्हणजे मला बाजूला बसवलंत तर तुमच्याच फायद्याचं. आता ऐका, कोकणी-मराठी भाषेचं आंदोलन पेटलं होतं ना मागच्या वर्षी, तेव्हाची गोष्ट. घरात आपण बोलतो हे असं, देव्हाऱ्यातली पोथी मराठी, आणि बाहेर लोक त्यावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले — ते जाऊ दे, आता घटक राज्य झालं, झालं ते झालं. तर बसगाड्या बंद, आणि माझी आई डिचोलीला आजारी. हे म्हणाले चल, आपली गाडी कोण अडवतो. जाताना बरं गेलो. रस्ता मोकळा, जिथं दगड टाकलेले तिथं उतरून सायकल उचलायची, आणि पोरं उलट आम्हाला हात हलवायची. परत येताना उशीर झाला. हीच वेळ, हाच उजेड — धड दिवस नाही, धड रात्र नाही. वळण घेतलं, आणि समोर झाड. अख्खं झाड तोडून आडवं टाकलेलं, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मला ह्यांच्या बगलेतून दिसलं. मी वाट बघत राहिले — पाय अडेल आता, ब्रेक लावतील आता. पाय अडला नाही. गोकुळदासबाब, जरासुद्धा अडला नाही. उलट जोर लावला त्यांनी, मोकळा रस्ता बघून माणूस लावतो तसा. मी ‘झाड’ म्हणून ओरडले, एवढी ओरडले की घसा बसला, तेव्हा ब्रेक लागला, माझं तोंड त्यांच्या पाठीवर आपटलं, ओठ फुटला, आणि पुढचं चाक फांद्यांत. ह्यांनी फांद्या बाजूला करून चाक सोडवलं. मग म्हणाले, दिसलं होतं गो मला, बघत होतो तू केव्हा ओरडतेस. आणि हसले. मी पण हसले. ओठातून रक्त येत होतं आणि मी हसत होते. एवढं मोठं झाड, मला मागून दिसलं आणि ह्यांना —

म्हणजे उजेडच कमी होता. कुणालाही नसतं दिसलं.

असं बघू नका माझ्याकडे. चहा निवला असेल, दुसरा करते. बरं, नको तर नको.

पेपर? हो, वाचला असेल की तुमच्यासमोर. वाचतात. बारीक अक्षरसुद्धा वाचतात, सुईत दोरा ओवून देतात मला, तुमच्या त्या डोळ्यांच्या परीक्षेत भिंतीवरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवली त्यांनी, मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. खोटं नाही ते. समोरचं सगळं दिसतं, दिवसाउजेडी. घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात ना बाजूने, तसं झालंय ते. समोर आहे तेवढं आहे, बाजूला जग नाहीच. ताटात डावीकडे वाढलेलं लोणचं तसंच राहतं आणि म्हणतात आज लोणचं नाही वाढलंस. सुविधा, आमची मुलगी, बाजूला उभी राहून बाबा बाबा करते आणि हे तिसरीकडेच शोधतात, तिला वाटतं थट्टा करतात. आणि ही वेळ झाली, दिवेलागणीची, की समोरचंही जातं. सगळं. आधी एवढं नव्हतं. वाढत चाललंय. ते — अगोबाई. मी काय बोलून बसले हे.

तुम्ही ऐकलं नाहीत असं समजा. गोकुळदासबाब, हात जोडते. हे आजवर कुणाला बोलले नाही मी, ह्यांनासुद्धा नाही, ह्यांनी मला नाही. आम्ही दोघं ह्या विषयावर एक शब्द बोललेलो नाही कधी. सायकलीवर मी रस्ता सांगते, ते ऐकतात, आणि दोघंही असं दाखवतो की मी गप्पा मारतेय. हेच आमचं जमणं. तुम्ही विचाराल मग ट्रक कसा चालवत होता. धाकू होता ना. त्यांचा क्लीनर, त्यांच्याच वयाचा, डाव्या दारातून अर्धा बाहेर लटकून सारखा ओरडायचा — येऊ दे, येऊ दे, सायकलवाला आहे, म्हातारी आहे, थांब. सगळे क्लीनर ओरडतात, त्यात कुणाला काय दिसणार. धाकू वास्कोला बंदरावर कामाला गेला आणि ह्यांनी लगेच ट्रक सोडला. धुळीने छाती भरते म्हणाले. मीही शेजारीपाजारी तेच सांगितलं, धुळीने छाती भरते. मला खरंच तसं वाटायचं हो. झाड दिसलं नाही तेव्हा मला धाकू आठवला.

म्हणून म्हटलं मला बाजूला बसवा. मी धाकूपेक्षा बरी ओरडेन. मी सांगेन की — पोरगं उतरलं, डावीकडून पुढे पळालं, थांबा. सांगेन मी. मी सगळा विचार केलाय. तुमची लेक प्रतीक्षा कुठे बसते, आमची सुविधा कुठे बसते, सगळं डोळ्यांसमोर आणलंय, झोपच येत नाही मला त्या सोमवारच्या विचाराने. पण दुपारच्या वर्गाची मुलं सुटतात तेव्हा दिवे लागलेले असतात, थंडीच्या दिवसांत तर अंधारच. सायकल असली की पायाला कळतं. त्यांचा पाय एका पायडलावर आणि माझा दुसऱ्यावर, मधे चेन आहे. बसमध्ये चेन कुठली? मी बाजूच्या सीटवर, ह्यांचा पाय त्यांच्यापाशी, तो अडला की नाही मला काय कळणार? आणि एखाद्या दिवशी मला ताप आला तर? माझं लक्ष एखाद्या पोरीने दुसरीकडे वेधलं तर? तुमच्या प्रतीक्षेच्या वेण्या केवढ्याशा आहेत हो. मला भीती वाटते. खूप भीती वाटते. नोकरी गेली तर त्यांचं काय होईल म्हणून भीती, आणि मिळाली तर काय होईल म्हणून भीती, आणि आत्ता, ह्या घटकेला, तो ओढा आणि तो कठडा नसलेला रस्ता —

काय म्हणालात? बायकोचा जीव आहे, उगीच घाबरतो? मागच्या आठवड्यात तुमच्याशी डोळ्यात डोळे घालून बोलले ते? बोलले असतील. तुम्ही समोर बसला होतात.

थांबा. ऐकलंत? ही आमची घंटी. ही आमचीच. आले. देवा, आले एकदाचे. उतरून हातात धरून आणतायत, चाकं किती हळू वाजतायत बघा.

नाही, उठू नका तुम्ही. तुम्हाला खरं वाटत नाही ना माझं? मलाही नको आहे खरं असायला. हा बल्ब लावला बघा, म्हणजे अंधार होता असं कुणी म्हणायला नको. तुमचा सदरा पांढरा, गुडघे वाटेतच आलेत, घेऊ नका आत. चावी आहे तिथंच राहू द्या, चमकतेय चांगली. रोज ते अंगणात आले की मी इथून बोलते, पायरीवर टोपली आहे, सोप्यावर अमका बसलाय, कुठल्या हाताला बसलाय. आज पण तोंडाशी आलंय माझ्या. गोकुळदासबाब आलेत हो, डाव्या हाताला बसलेत — एवढंच. एवढं म्हटलं की ते वळतील, हसतील, नमस्कार करतील, आणि तुम्ही चावी द्याल. नाही म्हणत आज. त्यांना दिसलात तर मी खोटी, मला काय वाटेल ते बोला, आणि चावी त्यांच्या हातात द्या. हलू नका. दिसू देत. देवा, दिसू देत ह्यांना.

आलात? किती उशीर हो. हो, टेकवा तिथंच भिंतीला. पडलात? मग ढोपराला माती कसली? बरं, बरं, नाही विचारत. नारळ द्या इकडे. नाही, पाय बरा आहे माझा. या ना आत, बल्ब लावलाय.

या. सरळ या.

चहा? करते. उद्या येतील म्हणताय गोकुळदासबाब? चावी घेऊन? हो. येतील.

कोणाशी? कोणाशी नाही हो. एकटीच बोलत बसले होते.